शेपूट पुढे धावतं तेव्हा

जुन्या विमानांच्या मेळाव्यातला एक व्हिडिओ पाहून रावपुऱ्यातल्या एका वाचकाने विचारलंय: विमान सुखरूप टेकलं होतं, वेग बराच उतरला होता, वाराही फारसा नव्हता, मग ते एकाएकी फिरून पंखावर कसं बसलं? चालवणारा कच्चा असणार, असा त्यांचा संशय. असेलही. पण चौकशी आधी विमानाच्या पोटाखाली व्हायला हवी.

या विमानांना दोन मोठी चाकं पंखाखाली आणि एक चिमुकलं चाक शेपटीखाली असतं. गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे ठेवावाच लागतो. नाहीतर ब्रेक लावताच विमान नाकावर आपटेल. आता मॉलमधली सामानाने भरलेली ट्रॉली आठवा. तिची मागची दोन चाकं फक्त सरळ धावतात, पुढची दोन हवी तशी वळतात. नेहमीसारखी ढकलली तर ती शहाण्यासारखी जाते. तीच उलटी, हँडल पुढे करून, जोरात सोडून द्या (सुरक्षारक्षकाचं लक्ष नसताना). थोडं अंतर जाते न जाते तोच ती स्वतःभोवती फिरते आणि जड बाजू पुढे काढते. शेपटीला चाक असलेलं विमान म्हणजे कायमची उलटी सोडलेली ट्रॉली.

नाक जरासं तिरकं झालं की टायर आडवे घासतात. हे घर्षण चाकांपाशी लागतं, पण वजन त्यांच्या मागे असतं आणि ते मूळच्या दिशेनेच जायला बघतं. त्यामुळे तिरकेपणा सुधारण्याऐवजी वाढतो, वाढला की घर्षणही वाढतं, आणि वळण आवळत जातं. शेवटी बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

वाचकांनी वेग उतरल्याचं लिहिलंय, खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. नाक सरळ ठेवण्याचं काम शेपटीवरच्या रडरचं, आणि रडरचा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून. वेग निम्मा झाला की जोर चौथाई उरतो. म्हणजे बघणाऱ्याला धोका टळला असं वाटतं, तेव्हाच रडर दुबळं झालेलं असतं. मुरलेला वैमानिक अशा वेळी क्षणभर थ्रॉटल उघडतो. पंख्याचा झोत रडरवर आदळतो आणि थोडा जोर परत मिळतो. विमान थांबतंय आणि हा इंजिनाचा जोर वाढवतोय, हे बघायला वेडेपणाचं वाटतं खरं.

वाराही वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. आपल्या बडोद्याच्या हरणी विमानतळाची धावपट्टी साधारण ईशान्य-नैर्ऋत्य आहे. नैर्ऋत्येकडे तोंड करून उतरताना पश्चिमेचा वारा सुमारे 50 अंशांनी तिरका येतो. 10 नॉटच्या वाऱ्यातले साडेसात नॉट उजवीकडून आडवे लागतात. उभं शेपूट वाऱ्याने डावीकडे ढकललं जातं, नाक उजवीकडे वळतं आणि मघाचं दुष्टचक्र सुरू होतं.

मग असली विमानं बनवलीच कशाला? कारण ती धावपट्टीसाठी बनलीच नव्हती. टायगर मॉथला ब्रेक नसत, शेपटीला चाकही नसे. जमिनीत रुतत जाणारी एक पट्टी असे. तिची ओढ मागून लागते, म्हणून नाक सरळ राहायला मदतच होते. आणि मोकळ्या मैदानात वारा असेल तिकडे तोंड करून उतरता येतं. काँक्रीट आलं तेव्हा दिशा ठरून गेली आणि जमिनीची ती मदत संपली. विमानाची खोड तीच राहिली, तिला सांभाळून घेणारी जमीन मात्र पायाखालून गेली.

बडोद्याचं नावही अशाच एका विमानाशी जोडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात गायकवाडांनी दिलेल्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाच्या 124 व्या तुकडीला स्पिटफायर विमानं मिळाली आणि तिला ‘बडोदा’ हे नाव जोडलं गेलं. पंखांचा विस्तार 11 मीटरहून जास्त, पण दोन मुख्य चाकांतलं अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास! स्पिटफायरचं गुणगान करणारे लोक जमिनीवरच्या या अडचणीबद्दल फारसं बोलत नाहीत.

आणखी एका नावाबद्दल फारसं कुणी बोलत नाही; बोलतात ते भलत्याच नावाबद्दल. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव ते बघायला हजर होते, ही कथा मोबाइलवर पुन्हापुन्हा येते. तिला ठोस पुरावा नाही. तिच्यासोबत ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे दाखले देतात, त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये हिशेब मांडून दाखवलं. पण कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णु माधव घाटगे किती मराठी मुलांना माहीत आहेत? गटिंगनला लुडविग प्रांटलसारख्या दिग्गजाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 हे शिकाऊ विमान घडवलं. ऑगस्ट 1951 मध्ये ते उडालं, पुढे दीडशेहून जास्त बनली आणि हवाई दलाची पोरं त्यांवर शिकली. पुराव्याची चणचण इथे अजिबात नाही!

एचटी-2 ला चाक शेपटीलाच होतं. ही घाटगेंची चूक नव्हे; त्या काळी शिकाऊ विमानं बहुधा अशीच असत. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालेलं ‘किरण’ हे जेट 1964 मध्ये उडालं, तेव्हा छोटं चाक नाकाखाली गेलं होतं आणि गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या पुढे आला होता. समोर पंखा नसल्यामुळे नाक उंच ठेवायची गरज उरली नव्हती. शिवाय शेपूट खाली टेकवलं असतं, तर जेटच्या तापलेल्या झोताने धावपट्टीच भाजून निघाली असती.