पाळकाची वही

मेंढरं राखतो तो धनगर, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. माणसं राखणाऱ्याला इथली ख्रिस्ती मंडळी ‘पाळक’ म्हणते. ‘पास्टर’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही मेंढपाळच. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आला. त्याच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आजही आहे.

रविवारचा उपदेश, बाप्तिस्मा, लग्न, माती ही पाळकाची चारचौघांत दिसणारी कामं. घरभेट मात्र बंद दाराआड होते. नवऱ्याची दारू, माहेरी जाऊन बसलेली सून, डॉक्टरांनी आशा सोडलेला म्हातारा. अशा घरात शिरून काय बोलावं, याचंही रीतसर शिक्षण आहे. त्याला ‘पाळकीय समुपदेशन’ म्हणतात.

ते शिकायचं तर कोल्हापूरच्या मुलाला पुणं जवळ. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून तिथं आली. सेरामपूरच्या सिनेटची ईश्वरविद्येची पदवी घ्यायची, तर तिचा धागा थेट बंगालला जातो. सेरामपूरचं कॉलेज १८१८ चं. पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं दिली, कारण गाव तेव्हा डॅनिश होतं. कॉलेजच्या संस्थापकांपैकी विल्यम केरीनं मराठीचं व्याकरण १८०५ मध्येच छापलं होतं. म्हणजे आपलं नातं जुनं आहे. एम.टीएच. या पदव्युत्तर पदवीला पाळकीय समुपदेशन हा विषय घेऊन पुढं शिकता येतं.

पण विषयाचा जीव पुस्तकात नाही. अँटन बॉइसन हा अमेरिकन पाळक १९२० मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाला. बरा झाल्यावर वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात ईश्वरविद्येची मुलं थेट वॉर्डात घेऊन गेला. ग्रंथ वाचता तसा माणूस वाचा, असा त्याचा आग्रह. स्वतः खाटेवर पडून आलेल्याखेरीज हे कुणाला सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

याच परंपरेत पुढं ‘व्हर्बॅटिम’ आला. रुग्णाला भेटून यायचं आणि झालेलं बोलणं आठवून वहीत उतरवायचं: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, कुठं गप्प झालो. मग ते सोबत्यांपुढं वाचायचं. यासारखी उलटतपासणी कोर्टातही होत नसेल.

समजा, वहीत असं आहे. बाई म्हणाल्या, “आता काय, व्हायचं ते हुईल बघा.” विद्यार्थी म्हणाला, “देवावर भरवसा ठेवा, मावशी.” मग प्रार्थना केली आणि निघाला. लिहिताना त्याला वाटतं, भेट छान झाली. वाचून झाल्यावर गटात कुणीतरी विचारतं, “काय व्हायचंय, ते त्यांना विचारलंस का?”

नाही विचारलं. बाई दार किलकिलं करत होत्या आणि यानं ते वचनानं लोटून घेतलं.

मर्यादाही शिकवावी लागते. कानात आवाज येतात, जीव द्यावासा वाटतो, असं कुणी सांगितलं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही न्यायचं. आणि घरात ऐकलेलं पोटात ठेवायचं. समुपदेशकाची गाठ तासाभरानं सुटते. पाळकाला मात्र रविवारी त्याच बाईच्या हातात प्रभुभोजनाची भाकर द्यायची असते, तिच्या सासूच्या शेजारी.

वही संपवताना मार्गदर्शक त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारतो. प्रार्थना कशासाठी केलीस? त्यांना हवी होती, की तुला तिथून उठायचं होतं?