कानाची पाळी भरते, मग वरची कड का चिघळते?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नेवासे तालुक्यातल्या या गावाला ते साधलं. शरीराला साधत नाही. त्वचा हेच त्याचं दार. कान टोचला की त्या दाराला भोक पडतं आणि जंतूंना वाट मिळते.

पाळीत चरबी असते, रक्तवाहिन्याही भरपूर. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, बाळीच्या तारेभोवती दोन्ही बाजूंनी त्वचा आत सरकते आणि नळीसारखं अस्तर तयार होतं. साधारण ६ ते ८ आठवड्यांत काम होतं.

भिकबाळीची जागा मात्र अवघड. पेशवाईच्या काळापासून ओळखीचा हा पुरुषांचा दागिना कानाच्या वरच्या भागात घालतात, आणि तिथे कूर्चा (कार्टिलेज) असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल त्यावरच ती जगते, विहिरीच्या पाझरावर तगणाऱ्या झाडासारखी. आवरणाखाली पू साचला की ते सुटतं, पोषण तुटतं, कूर्चा मरते. कान कायमचा चुरगळतो.

कानाचा वरचा भाग लाल, गरम, ठणकणारा. पाळी मात्र ठीक. ही खूण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. इथे बहुधा स्यूडोमोनास हा जंतू असतो. नेहमीची बरीच प्रतिजैविकं त्याच्यावर चालत नाहीत. पू असेल तर चीर देऊन काढावा लागतो.

ताज्या जखमेवर हळद-तेल नको. हात धुऊन, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने ती पुसावी. बाळी सारखी फिरवू नये. नवं अस्तर फाटतं. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही पाहावं.