वाकलेली सायकल सरळ कशी होते?

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. ती पोलादालाही तितकीच लागू पडते, आणि आजच्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे.

अमरावतीच्या राजकमल चौकाभोवती असो की अकोल्याच्या गांधी रोडच्या आसपास, जुन्या घराच्या ओसरीत वडिलांची नाहीतर आजोबांची सायकल भिंतीला टेकलेली अजूनही दिसते. एखादी विलायतेहून आलेली रॅले किंवा बी. एस. ए., एखादी मुंबईच्या कारखान्यातील हिंद, तर एखादी आसनसोलची सेन-रॅले. हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने आता राहिलेले नाहीत. अशी सायकल नातवाने हौसेने बाहेर काढावी, बैलगाडीच्या चाकोरीत नाहीतर दगडावर आदळावी आणि पुढचे चाक पायडलकडे सरकावे. मग सल्ले दोनच मिळतात : भंगारात घाला, किंवा हातोड्याने ठोकून घ्या. पहिल्याने ठेवा जातो. दुसऱ्याने, प्रसंगी, जीव. म्हणून तिसरा मार्ग समजून घेणे अगत्याचे आहे.

जुनी फ्रेम म्हणजे पोलादी नळ्यांचे दोन त्रिकोण. नळ्यांची टोके लग नावाच्या सांध्यांत बसवून पितळेने जोडलेली असतात. समोरून धक्का बसला की आधी चिमटा मागे वाकतो. धक्का मोठा असेल, तर वरची दांडी आणि खालची तिरपी नळी हँडलच्या सांध्यामागे खचतात. तेथे खालच्या अंगाला बोट फिरवावे. रंग तडकलेला किंवा नळीला सुरकुती पडलेली हाताला लागते. डोळ्यांआधी बोटाला कळते.

पोलाद थोडे दाबले तर सोडताच पूर्ववत होते. मर्यादेपलीकडे दाबले तर वाकलेलेच राहते. पण तेव्हाही ते थोडे मागे येतेच. हाच तो पीळ. म्हणून सरळ करताना नळी सरळ रेषेच्या किंचित पुढे न्यावी लागते आणि मग सोडून पाहावी लागते. किती पुढे, हे हाताचे ज्ञान. बरोबर आली की नाही, हे मापाचे ज्ञान. दोहोंपैकी एकावर भागत नाही.

आता हत्यारे. पहिले हत्यार घरोघरी सापडेल : दोरा. मागच्या आसाच्या डाव्या खाचेला दोरा बांधावा, हँडलच्या उभ्या नळीला पुढून वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणून आणावा. मग सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. समान भरले तर मागचा त्रिकोण मध्यावर आहे. डावीकडे ३२ आणि उजवीकडे २८ मिलिमीटर भरले, तर दोरा त्या ठिकाणी २ मिलिमीटर डावीकडे आहे. खाचा त्याहून थोड्या अधिक सरकलेल्या असतात, कारण दोरा पुढे जाताना मध्याकडे येत जातो.

दुसरे हत्यार म्हणजे जोडीचे दांडे. प्रत्येक दांडा एकेका खाचेत आवळतात. आतील बाजूस त्याचे सपाट, गोल तोंड असते. दोन्ही तोंडे समोरासमोर तंतोतंत आली तर खाचा समांतर आहेत. तोंडे तिरपी दिसली, तर त्याच दांड्याची मूठ धरून खाच हळूहळू वळवायची. मापण्याचे आणि दुरुस्तीचे साधन येथे एकच आहे, हीच त्याची खुबी. खाचा तिरप्या राहिल्या तर आसावर सतत वाकडा ताण येतो आणि तो अवेळी तुटतो.

तिसरे, फ्रेमचा जॅक : लांब आट्यांचा दांडा, दोन्ही टोकांना नळीवर बसणारी खोबण. तो हँडलची नळी आणि सीटखालची नळी यांच्यामध्ये बसवून नट फिरवला की खचलेला पुढचा भाग सुताच्या मानाने पुढे सरकतो. हातोडा एका ठिकाणी घाव घालतो. जॅक सावकाश रेटतो, आणि हवे तेथे थांबताही येते. चिमट्यासाठी लांब दांड्याची तरफ वापरतात, आणि नळी चेपू नये म्हणून शिकंजात गोल खाचेचे लाकडी ठोकळे घालतात.

भट्टीत तापवून सरळ करावी काय? नाही. सुमारे ९०० अंशांच्या आसपास सांध्यातील पितळ वितळू लागते, आणि तापलेली पातळ नळी भलत्याच जागी दबते. हे काम थंडपणीच, दोन्ही अर्थांनी, करावयाचे.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून शरीर घडवण्याची विद्या जोपासली. हिसका देऊन शरीर घडत नाही, हे तेथील कोणीही सांगेल. सायकलीचेही तसेच.

परंतु एक पथ्य कसोशीने पाळावे. तार वारंवार वाकवली की तुटते. वाकून सरळ झालेली नळी तशीच थोडी थकलेली असते. नळीला तडा असेल, सुरकुती तीक्ष्ण असेल, किंवा चिमट्याची हँडलमध्ये शिरणारी नळी वाकली असेल, तर तो भाग बदलावाच. चिमटा चालत्या सायकलीवर तुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही. नव्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमला ही विद्या लागू नाही. वाकलेले ॲल्युमिनियम सरळ करू गेल्यास तडकण्याचा धोका मोठा, आणि कार्बन वाकत नाही, फुटतो.

तेव्हा दुरुस्तीला सायकल देताना मिस्त्रीला दर विचारण्याआधी एवढेच विचारावे, ‘दोरा लावून पाहिला का?’ जो आधी मोजतो, त्याच्या हाती आजोबांची सायकल निर्धास्त द्यावी. आणि जो मोजून ‘ही आता चालवू नका’ असे सांगतो, त्याचे तर आभारच मानावेत.