कुटुंबवैद्याच्या शिक्षणाची आखणी : निष्पत्तीवर आधारलेला अभ्यासक्रम

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेलगत वसलेले आहेत. कन्नड, मराठी, दख्खनी उर्दू आणि तांड्यांवरील लमाणी या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. या भागात वैद्यकीय शिक्षणाची सोय नाही असे नाही. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे १९६३ साली महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २००७ साली बीदर येथे शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू झाली. तथापि महाविद्यालये निघाली म्हणजे खेड्याला हवा तसा डॉक्टर आपोआप मिळतो, असे होत नाही. तो कसा घडवावा, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे.

कुटुंबवैद्यक म्हणजे काय?

एकाच घरात तापाने फणफणलेले मूल, सातवा महिना लागलेली सून आणि मधुमेह असलेली सासू असू शकते. तज्ज्ञांच्या व्यवस्थेत या तिघांना तीन दारे ठोठवावी लागतात. कुटुंबवैद्य हा तिघांचाही पहिला डॉक्टर असतो. तो घराची परिस्थिती जाणतो, बहुतेक आजारांवर स्वतः उपचार करतो आणि तज्ज्ञाची गरज केव्हा आहे हे वेळीच ओळखतो. हे काम कमी शिकलेल्या डॉक्टरचे आहे, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. अमेरिकेत १९६९ साली या शाखेला स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा मिळाला. आपल्या देशात राष्ट्रीय परीक्षा मंडळातर्फे एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण देऊन कुटुंबवैद्यकाची पदवी दिली जाते. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही या शाखेच्या पदव्युत्तर शिक्षणावर भर दिला होता.

महिने मोजावेत की कार्यक्षमता?

जुन्या पद्धतीच्या अभ्यासक्रमात प्रामुख्याने काळ मोजला जातो : बालरोग विभागात इतके महिने, प्रसूती विभागात इतके महिने. महिने भरले की शिक्षण पूर्ण झाले असे मानले जाते. निष्पत्तीवर आधारलेला अभ्यासक्रम उलट टोकाकडून आखला जातो. प्रशिक्षण संपताना डॉक्टरला नेमके काय करता आले पाहिजे, हे प्रथम ठरते. त्यावरून काय शिकवावे, कोठे शिकवावे आणि कसे तपासावे हे ठरते. शाळांतील ‘अध्ययन निष्पत्ती’ शिक्षकांच्या परिचयाच्या आहेतच. तत्त्व तेच आहे. भारतातील एम. बी. बी. एस. चा अभ्यासक्रमही २०१९ पासून क्षमताधिष्ठित पद्धतीने आखण्यात आला आहे.

पहिली पायरी : गरजांची पाहणी

अभ्यासक्रमाची सुरुवात ग्रंथापासून न होता लोकांच्या आरोग्यापासून व्हावी. कलबुर्गी जिल्हा तुरीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. तुरीवर कीटकनाशक फवारताना होणारी विषबाधा हा पुस्तकातील एक परिच्छेद नसून तो हंगामातील प्रसंग आहे. शेतात सर्पदंश होतो. शहाबादच्या फरशीच्या खाणी व सेडम परिसरातील सिमेंटचे कारखाने येथील धुळीमुळे श्वसनविकारांचा प्रश्न उद्भवतो. गर्भवतींचा पंडुरोग, क्षयरोग, रक्तदाब आणि मधुमेह हे तर सर्वत्रच आहेत. कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांचे औषधोपचार मध्येच तुटतात, हाही एक आरोग्याचाच प्रश्न होय. दवाखान्यातील नोंदवह्या, आशा कार्यकर्त्या व परिचारिका यांचा अनुभव आणि ग्रामस्थांचे म्हणणे यांवरून ही यादी तयार करावी.

दुसरी पायरी : निष्पत्ती स्पष्ट लिहिणे

‘सर्पदंशाचे ज्ञान असावे’ हे वाक्य निष्पत्ती होऊ शकत नाही, कारण ते तपासता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘दंश झालेला रुग्ण आल्यावर डॉक्टर वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करील, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे तपासील, आवश्यक असल्यास विलंब न लावता प्रतिविष सुरू करील, त्याची प्रतिक्रिया आल्यास ती हाताळील, आणि श्वास मंदावत असल्यास कृत्रिम श्वास देत रुग्णाला पुढे पाठवील.’ देशात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. यांपैकी मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. सबब केवळ जखम पाहून रुग्णाला घरी पाठवणारा डॉक्टर प्राण गमावण्यास कारण होऊ शकतो.

त्याचप्रमाणे संवादाची निष्पत्तीही लिहावी लागते. क्षयरोग्याला त्याच्या भाषेत सहा महिन्यांच्या उपचाराचे महत्त्व पटवून देता येणे, हे इंजेक्शन देण्याइतकेच आवश्यक कौशल्य आहे. सीमाभागातील रुग्ण उपचारासाठी कधी उदगीर, कधी सोलापूर, तर कधी हैदराबाद गाठतो. म्हणून तीन राज्यांतील कोणत्याही डॉक्टरला समजेल अशी चिठ्ठी लिहिता येणे, ही येथील खास निष्पत्ती ठरावी.

तिसरी पायरी : शिक्षणाची जागा

जे काम खेड्यात करावयाचे, ते केवळ मोठ्या रुग्णालयात शिकता येत नाही. मैदानी प्रदेशात सुमारे तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा संकेत आहे. अशा केंद्रात निवासी डॉक्टरने तीनही वर्षे ठराविक दिवशी जावे आणि काही कुटुंबे सलग सांभाळावीत. गर्भवतीची पहिली तपासणी करणाऱ्यानेच पुढे तिच्या बाळाचे लसीकरण पाहिले, तर सातत्याचा अर्थ त्याला कळतो. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक झाले आहे. तिचा लाभ घ्यावाच. परंतु कुटुंबवैद्यासाठी तेवढे पुरेसे नाही.

चौथी पायरी : मूल्यमापन

लेखी परीक्षेत विषबाधेवरील प्रश्नाचे उत्तर उत्तम लिहिणारा विद्यार्थी रात्री दोन वाजता ॲट्रोपिनची मात्रा योग्य वेळी वाढवीलच, अशी खात्री देता येत नाही. यासाठी प्रत्यक्ष काम पाहूनच निर्णय घ्यावा. नेदरलँड्समधील ऑले तेन केट यांनी २००५ साली मांडलेली ‘विश्वासाने सोपवता येण्याजोगी कामे’ ही कल्पना येथे उपयोगी पडते. विद्यार्थी प्रथम पाहतो. नंतर गुरू शेजारी असताना करतो. पुढे गुरू हाकेच्या अंतरावर असताना करतो. शेवटी स्वतंत्रपणे करतो आणि इतरांना शिकवतो. प्रत्येक महत्त्वाच्या कामात तो कोणत्या पायरीवर आहे याची नोंद ठेवली जाते. एखाद्याला एखादे काम लवकर साधते, दुसऱ्याला उशिरा. मात्र साधल्याशिवाय ते त्याच्यावर सोपवले जात नाही.

एक सावधगिरी

या पद्धतीत धोकेही आहेत. निष्पत्तींची यादी शेकड्यांनी वाढली की शिक्षक केवळ खुणा करीत बसतो आणि नोंदवही भरली तरी डॉक्टर घडत नाही. रुग्णाचे ऐकून घेण्याचा धीर, अनिश्चिततेत निर्णय घेण्याचे भान, हे गुण तुकड्यांत मोजता येत नाहीत. म्हणून निष्पत्ती थोड्या व महत्त्वाच्या असाव्यात आणि त्या पाहण्यासाठी शिक्षकांना वेळ मिळावा. शिक्षकाला वेळ न देता नवा अभ्यासक्रम लागू करणे म्हणजे जुनाच अभ्यासक्रम नव्या कागदावर छापणे होय.

गावाचा वाटा

अभ्यासक्रम आखणे हे तज्ज्ञांचे काम असले तरी त्याची अंतिम कसोटी गावातच लागते. ग्रामपंचायत, शाळा व महिला मंडळे यांनी आपल्या गरजा आरोग्य केंद्राला कळवाव्यात, शिकाऊ डॉक्टरला घरोघरी जाण्यास साहाय्य करावे आणि त्याच्या कामाविषयी मोकळेपणाने मत द्यावे. अभ्यासक्रम यशस्वी झाला की नाही, हे पदव्यांच्या संख्येवरून ठरणार नाही. शेतात साप चावलेल्या मजुराला जवळच्या केंद्रात योग्य उपचार वेळेत मिळाला का, यावरूनच ते ठरेल.