एका बिजागरीचं वय

मुलुंडला पुनर्विकासासाठी पाडलेल्या जुन्या घराच्या राडारोड्यात पितळी बिजागरी हाती लागली, की पहिला मोह होतो तो पितांबरीनं लख्ख घासण्याचा. तो आवरा. अंगावरचा तपकिरी-हिरवा थर, भोकातली माती, अडकलेला स्क्रू, या सगळ्यांत तिचं वय दडलेलं असतं. जमिनीत पुरलेलं मौल्यवान काही सापडलं, तर मात्र गुप्तधनाबद्दलचा १८७८चा कायदा लागू होतो: १० रुपयांहून अधिक किमतीची चीज कलेक्टरला कळवावी लागते. आणि महाकाली किंवा मंडपेश्वर लेण्यांसारख्या संरक्षित जागी धातुशोधक यंत्र घेऊन खणायला जाऊच नये.

आधी बिजागरी पालथी करा. दर्शनी बाजू कारागीर कानशीनं गुळगुळीत करतो. दाराला टेकणाऱ्या पाठीकडे कोण बघतं? वाळूच्या साच्यात ओतलेल्या पितळेच्या पाठीवर वाळूचा रवाळ ठसा तसाच राहून जातो. दाबीव पत्र्याची वस्तू हलकी, सगळीकडे सारख्या जाडीची आणि मागून पोकळ.

मग स्क्रू, माझा सगळ्यात आवडता साक्षीदार. लाकडात आपली वाट आपण काढणारा टोकदार स्क्रू एके काळी नव्हता, हे खरंच वाटत नाही! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचं टोक बोथट असे. सुतार आधी गिरमिटानं भोक पाडी. टोकदार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १८४६ साली निघालं आणि १८५४मध्ये बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड व चेंबरलेन यांनी त्या पेटंटचे हक्क घेतले. डोक्यावर अधिकचिन्हाची खाच असेल, तर तो १९३०च्या दशकाच्या आधीचा नाही. स्क्रू मागाहून बदललेलाही असतो, म्हणून भोकाच्या कडा नीट पाहाव्यात.

अक्षरं सापडली तर नशीबच. विलायती मालावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणी-खूण असेल, तर ते डिझाइन १८४२ ते १८८३मधलं. 'आरडी' आणि पुढे क्रमांक असेल, तर १८८४ किंवा त्यानंतरचं. कुलपावर 'जीआयपी' कोरलेलं असेल, तर ते घाटकोपर-मुलुंडवरून जाणाऱ्या, १८५३मध्ये सुरू झालेल्या रेल्वेचं. अंधेरी-बोरिवलीकडची रेल्वे 'बीबी अँड सीआय'. ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या आणि ही दोन्ही नावं संपली.

रंगही बोलतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाडीकाठच्या खारट ओलीत जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र, गुलाबी तांबं उरतं. पितळेवर असा लालसर डाग दिसला, की तो नखानंही खरवडू नये; तिथला धातू भुसभुशीत झालेला असतो.

सगळ्यात विलक्षण असते ती पितळेत आपोआप पडणारी चीर. हिंदुस्थानात ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली, की कुणी हातही न लावता तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा पितळेवर हल्ला करी. पत्रा दाबताना-ओढताना धातूत कोंडलेला ताण तिथेच फुटे. १९२१मध्ये इंग्लंडातल्या संशोधकांनी याचं कारण सविस्तर मांडलं. उपाय साधा निघाला: वस्तू घडवल्यावर ती बेतानं तापवली, की आतला ताण मोकळा होतो. म्हणून दाबीव पत्र्याच्या जुन्या मुठीवर केसाएवढी चीर दिसली, तर ती पडल्या-आपटल्याचीच असेल असं समजू नका. मूठ घडवतानाचा ताणही इतक्या वर्षांनी बाहेर आलेला असू शकतो.