सिल्वाशाच्या शाळेत मातृभाषा कोणाची?

दादरा व नगर हवेली या मुलुखाविषयी मराठी माणसाला वाटणारी आत्मीयता इतिहासातून आलेली आहे. मराठी दरबाराने १७७९ च्या तहान्वये वार्षिक १२,००० रुपये वसुलाची येथील गावे पोर्तुगिजांना देऊ केली, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी ज्या स्वयंसेवकांनी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त केले त्यांत सुधीर फडके यांच्यासारखे महाराष्ट्रातील कार्यकर्ते होते. या स्मृतींमुळेच, येथे मराठी शाळा चालू राहिली म्हणजे मातृभाषेतून शिक्षणाचा प्रश्न निकालात निघाला, असा समज आपल्याकडे सहज रूढ होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या प्रदेशाच्या ३,४३,७०९ लोकसंख्येपैकी निम्म्याहून किंचित अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते, आणि त्या जमातींत वारली सर्वांत मोठी, तर धोडिया व कोकणा तिच्या खालोखाल प्रमुख. सरकारी शाळांची माध्यमे मात्र गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी. घरी कणसरी देवीच्या कथा ऐकलेले, नागलीच्या पेरणीपासून मळणीपर्यंतचे प्रत्येक काम नावानिशी जाणणारे आणि तारप्याच्या सुरावर वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने फेर धरणारे मूल जेव्हा पहिलीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा या चारांपैकी कोणतेही माध्यम त्याच्या घरचे नसते. आणि त्याचे मौन हे बुद्धिमांद्याचे लक्षण मानले जाते, याहून मोठा अन्याय शिक्षणाच्या क्षेत्रात मला तरी दिसत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते, की वारली ही अखेर अशुद्ध मराठीच होय. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने वारलीला मराठीच्या खंडात स्थान दिले हे खरे. परंतु जनगणनेचे दफ्तर तिची नोंद ‘भिली/भिलोडी’ या सदराखाली करते. जिच्या कुळाविषयी अशा दोन मातबर दफ्तरांचे एकमत होत नाही, तिला कोणा एका भाषेचे बिघडलेले रूप ठरविण्यास आधार उरत नाही. शिवाय मराठीशी असलेले तिचे साम्य कितीही मान्य केले, तरी सहा वर्षांच्या मुलाला पुस्तकी मराठी समजते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा समज अधिक प्रबळ आहे, आणि तो गरीब पालकांच्या पोटतिडिकेतून आलेला असल्यामुळे त्याचा विचार आदरानेच केला पाहिजे: इंग्रजी जितकी लवकर, तितकी पक्की. कॅनडातील स्थलांतरित मुलांचा अभ्यास करणारे जिम कमिन्स यांचा निष्कर्ष असा, की संभाषणापुरती नवी भाषा मुलाला सुमारे दोन वर्षांत अवगत होते, परंतु पाठ्यपुस्तकातील विवेचन पेलण्याइतकी ती मुरण्यास पाच ते सात वर्षे लागतात. आणि पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची व विचाराची शक्ती दुसरीत उतरते. अर्थात घरची भाषा आधी पक्की करणे म्हणजे इंग्रजीला मज्जाव करणे नव्हे. अनेक भाषांनी मूल गोंधळते, ही भीतीही निराधार होय. सिल्वाशाच्या बाजारात तीन-चार भाषांत व्यवहार करणारी मुले पाहणाऱ्यास ती वाटूच नये.

येथून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यात या विचाराला अनुभवाचा आधार मिळतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात गुजरातीतून कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ साली बोर्डीत आरंभिलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे वारली मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणांत नेली. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शिंपले आले. मुलाच्या घरी जे आहे तेथूनच शिक्षणाचा आरंभ करावयाचा, हे सूत्र साधनांना लागू पडते तसे भाषेलाही पडते.

इतक्या बोलींतून शिकविणे शक्य तरी आहे काय, असे विचारणाऱ्यांनी ओडिशाकडे पाहावे. तेथे २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि पुढे ती संख्या एकवीसवर गेली. कायद्याचीही अडचण नाही. संविधानाचे अनुच्छेद ३५०-क प्राथमिक स्तरावर मातृभाषेच्या सोयीची जबाबदारी सांगते, २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हणतो, आणि २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेचा पुरस्कार करते.

राहता राहिली लिपीची सबब. मराठी स्वतः शतकानुशतके मोडी व देवनागरी अशा दोन लिप्यांत नांदली, तेव्हा स्वतंत्र लिपी नाही म्हणून भाषा नाही, असे आपण तरी म्हणू नये. मात्र पुढे काही मुले मराठी माध्यमाकडे व काही गुजरातीकडे वळणार असल्यामुळे, नगर हवेलीत वारली कोणत्या अक्षरांत लिहावी हा प्रश्न खरा आहे. त्याचा निर्णय वारली पालकांनी आणि वारली घरांतून आलेल्या शिक्षकांनी करावयाचा आहे, आणि तो गुजराती अक्षरांच्या बाजूने झाला तरी आम्हां मराठी भाषकांनी त्यास हरकत घेऊ नये.