अंध सुताराचे बाक

अंध मनुष्याच्या हाती करवत किंवा पटाशी आली की घरातील वडील मंडळी प्रथम ती काढून घेतात. खुर्च्यांना वेत विणणे, खडू किंवा मेणबत्त्या करणे, एवढेच उद्योग त्याला झेपावयाचे, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. सर आर्थर पियर्सन हे इंग्रज वृत्तपत्र-मालक. त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. १९१५ साली त्यांनी लंडनला युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली, आणि तेथे शिकविल्या जाणाऱ्या उद्योगांत सुतारकाम होते. १९४३ साली डेहराडूनलाही युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी त्याच नावाने केंद्र निघाले. आपल्या ग्वाल्हेरीत माधव अंधाश्रम आहे, तेव्हा ह्या विषयाची ओळख येथील मंडळींना करून द्यावयास नको. ज्या सुताराची दृष्टी चाळिशीनंतर काचबिंदूने गेली, त्याच्या हातातील विद्या काही जात नाही. त्याला परत कामाला लावावयाचे तर प्रथम काय द्यावे? आम्ही म्हणू, एक बाक. बसावयाचे नव्हे, कामाचे.

आपला देशी सुतार जमिनीवर बसतो आणि लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरतो. डोळस माणसाला ते शोभते. न दिसणाऱ्याला मात्र पाऊल आणि धार इतकी जवळ असणे परवडत नाही. बाकाला शिकंजा असतो, लाकूड त्यात घट्ट बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय बाकाची पुढची कड हीच त्याची पहिली मोजपट्टी होय. कोठलीही वस्तू कोठे आहे, हे तो त्या कडेवरून ओळखतो. यास्तव बाक जड हवे, ढकलले तरी न सरकणारे.

लाकूड शीशमचे घ्यावे. ग्वाल्हेरीस टालीवर मिळणारा शीशम हा दक्षिणेतील शिसवीचा भाऊ, तीच जात नव्हे. पण कठीण आणि चिवट आहे. दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व साडेसात सेंटिमीटर जाड माथा केला, तर त्याचेच वजन सुमारे ४३ किलो भरते. उंची अशी की, सरळ उभे राहून तळवा खाली पसरला असता तो माथ्यावर सहज टेकावा.

आता न पाहता मापे कशी घ्यावयाची? बहुतेक ठिकाणी ती घ्यावीच लागत नाहीत. चारही पाय एकत्र आवळून त्यांवर एकदाच चाकूची रेघ मारली की चौघांचे माप एक झाले. रेघ पेन्सिलीची नको, चाकूचीच हवी. तीत नख अडकते आणि पटाशीची धार आपोआप बसते. रेघेच्या टाकाऊ बाजूला पटाशीने थोडी उतरती खाच काढली म्हणजे करवतीला टेकावयास भिंतच मिळते. चौकट काटकोनात आहे की नाही, हे दोन कर्ण सारखे आहेत का यावरून कळते. दोन काठ्या एकमेकींवर सरकवून एका कर्णात अडकवाव्या, तशाच आवळून दुसऱ्यात घालून पाहाव्या. आकडा कोणी वाचलाच नाही.

जेथे आकडा हवाच, तेथे सहा मिलिमीटर जाडीची, नेहमीच्या आट्यांची सळई आणि एक नट एवढे पुरते. नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. नटाच्या एका बाजूस कानशीने खूण केली की फेरे बोटांनी मोजता येतात. लोखंडाच्या दुकानात ही सळई सहज मिळते.

माथ्यासाठी दोन फळ्या जोडताना एक युक्ती फार उपयोगाची आहे. दोन्ही फळ्या पुस्तक मिटावे तशा मिटून शिकंज्यात धराव्या आणि दोघींच्या कडांवर एकदम रंधा फिरवावा. रंधा थोडा कलला तरी बिघडत नाही. फळ्या उघडल्या की एकीचा कल दुसरीच्या उलट पडतो आणि सांधा सपाट बसतो. रंधा कोणत्या दिशेने मारावा, हे तळव्याला कळते. एका बाजूने हात फिरविला तर लाकूड गुळगुळीत, उलट फिरविला तर खरखरीत लागते. रंधा नीट चालला की एकसारखा आवाज येतो, अडला की तो तुटतो. फळीला पीळ आहे का, हे पाहण्यासाठी ती जाड काचेवर ठेवून कोपरे दाबावे. डुगडुगली तर पीळ आहे.

पायांना आडव्या पट्ट्या कूस-खाचेनेच जोडाव्या आणि कुसात पाचर ठोकावी. खिळ्यांवर बाक टिकत नाही.

ग्वाल्हेरच्या हवेचा विचार मात्र अगोदर करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, लाकूड आटते. जुलैत पाऊस आला की तेच रुंदीत फुगते. लांबीत फरक नगण्य. म्हणून माथा पुढच्या कडेला पक्का बसवावा आणि मागच्या बाजूच्या पट्ट्यांत स्क्रूची भोके लांबट ठेवावी. मग जी काय हालचाल होईल ती मागे होते, पुढची कड जागची हलत नाही.

हत्यारांसाठी मागच्या कडेला घरे करावी, धार खाली व मूठ वर. प्रत्येक हत्याराचे घर ठरलेले असावे आणि त्यात दुसऱ्या कोणी हात घालू नये. घरातील मंडळी प्रेमाने आवराआवर करतात, पटाशी "नीट" ठेवतात, आणि सुताराचे बोट कापते ते बहुधा त्या नीट ठेवण्यानेच. आमच्या मते अंध सुताराला करवतीपेक्षा अशा मदतीपासून अधिक जपावे लागते.

शेवटी माथ्याला जवसाचे तेल चोळावे व तेलाच्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. बोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पहिला पावसाळा उलटून लाकूड सुकले की दिवाळीच्या सुमारास माथा एकदा हाताने चाचपावा आणि उंचवटा लागेल तेथे पुन्हा रंधा मारावा.